मंत्रिमहोदय, आपले प्रतिज्ञापत्र काय असेल?

प्रति,
मा. केंद्रीय विधी व न्याय मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: विधी शिक्षणावरील बार कौन्सिलचा एकाधिकार घटनेच्या कसोटीवर टिकतो का, याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

माझ्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत एक काळा कोट घडी घालून ठेवलेला आहे. जिल्हा न्यायालयात चार वर्षे उमेदवारी केल्यावर लॉ कॉलेजात पूर्णवेळ शिक्षक म्हणून नेमणूक झाली आणि पहिला पगार हाती पडण्याआधीच मी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, सस्पेंड करून घेतली. नियमच तसा आहे. वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. शिकवायची हौस असेल तर १९७९ च्या नियमांप्रमाणे दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवता येते. मला दिवसभर शिकवायचे होते, म्हणून कोट ट्रंकेत गेला. बायको दर दिवाळीच्या आवराआवरीत विचारते, हा कुणाला देऊन टाकू का, आणि दर दिवाळीला मी राहू दे म्हणतो.

त्या कोटाबरोबर माझे मतही ट्रंकेत गेले, हे लक्षात यायला मात्र बरीच वर्षे लागली.

या देशात कायदा कसा शिकवावा हे बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे वकिलांची देशपातळीवरची नियामक संस्था, ठरवते. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ४ प्रमाणे तिथे ॲटर्नी जनरल आणि सॉलिसिटर जनरल हे दोघे पदसिद्ध. बाकीचे सदस्य म्हणजे प्रत्येक राज्याच्या बार कौन्सिलने आपल्यातून पाठवलेला एकेक वकील. राज्यांच्या कौन्सिला निवडतात सनदधारक वकील. म्हणजे दिवसाला तीन तास शिकवणाऱ्याला मत आहे आणि दिवसभर शिकवणाऱ्याला नाही. कलम १० मध्ये विधी शिक्षण समिती आहे खरी. तिचे दहा सभासद. पाच कौन्सिलचे, पाच बाहेरचे. पण बाहेरचे पाच कोण, हेही कौन्सिलच ठरवते. वरपक्षानेच वधूपक्षाची माणसे बोलवायची आणि मग बैठक एकमताने झाली म्हणायचे, असा हा प्रकार.

आपल्याला लिहायचे कारण असे. या एकाधिकाराला कुणी तरी घटनेच्या आधारे आव्हान देईल, तेव्हा याचिकेत प्रतिवादी क्रमांक १ भारत सरकार असेल आणि प्रतिज्ञापत्र आपल्या खात्याला करावे लागेल. ते लिहायला बसण्याआधी एका शिक्षकाचे म्हणणे कानावर असावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आधी कायद्याने दिले काय, ते पाहू. कलम ७ मध्ये कौन्सिलची कामे सांगितली आहेत. त्यात विधी शिक्षणाला चालना देणे आणि विद्यापीठे व राज्यांच्या बार कौन्सिला यांच्याशी सल्लामसलत करून त्या शिक्षणाचा दर्जा ठरवणे हे एक काम. कोणत्या विद्यापीठाची पदवी सनदेसाठी चालेल हे ठरवणे आणि त्यासाठी विद्यापीठांची तपासणी करणे हे दुसरे. या दोन वाक्यांमधून २००८ ची विधी शिक्षण नियमावली उगवली. सक्तीचे विषय किती, प्रात्यक्षिकाचे पेपर किती, आठवड्याला तासिका किती, हजेरी किती टक्के, ग्रंथालय केवढे, सगळे तिच्यात आहे. सल्लामसलत विद्यापीठांच्या पातळीवर झालीही असेल. आमच्या स्टाफरूमपर्यंत तिची झुळूक आली नाही.

आता माझ्या कोटाकडे परत येतो. कलम ४९ कौन्सिलला नियम करण्याचा अधिकार देते आणि त्याला दोन परंतुके, म्हणजे जोडअटी, आहेत. वकिलांच्या आचारसंहितेचे नियम आणि वकिलांच्या पोशाखाचे नियम सरन्यायाधीशांच्या मंजुरीशिवाय अमलात येत नाहीत. परदेशी नागरिकांच्या परदेशी पदव्यांबाबतचे नियम केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय अमलात येत नाहीत. शिक्षणाच्या दर्जाचे नियम? त्यांना कुणाचीच मंजुरी लागत नाही. केंद्राने स्वतः केलेले नियम संसदेपुढे ठेवावे लागतात, हे तसे ठेवण्याचेही बंधन नाही. वकिलाच्या कोटाचा रंग आणि गळ्यातल्या पट्ट्या हा सरन्यायाधीशांनी डोळ्यांखालून घालण्याचा विषय. त्या कोटाच्या आत शिरणाऱ्या मुलाने पाच वर्षे काय वाचावे हा मात्र कुणाच्याच डोळ्यांखालून न जाणारा विषय! दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी हे कलम शिकवतो तेव्हा मुले हसतात. मीही हसतो. पण समानतेचा अनुच्छेद १४ शिकवायला घेतला की तेच हसू घशात अडकते.

वकिली आणि कायद्याचे शिक्षण या गोष्टी आपल्याकडे नेहमीच अशा एका खुंटीला बांधलेल्या नव्हत्या. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून १८९० मध्ये बाहेर पडल्यावर लोकमान्य टिळक पुण्यात लॉ क्लास चालवत. वकिलीच्या परीक्षेला बसणारी मुले तिथे येत. वर्ग कुणी चालवावा, कसा चालवावा, खोलीत पुस्तके किती असावीत, याबद्दल त्यांना कुणाला विचारावे लागत नव्हते. विद्यार्थ्याला काय येते ते परीक्षेच्या दिवशी कळत होते. पुढे १९३५ मध्ये डॉ. आंबेडकर मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले आणि मुंबई इलाख्यातल्या कायदेशिक्षणात काय सुधारावे यावर त्यांनी सविस्तर लिहिलेही. ते दिवस परत आणा असे मी म्हणत नाही. त्या काळी वकिलांचे इतके प्रकार होते की पक्षकाराला कोण कुठे उभा राहू शकतो हेच कळत नसे, आणि १९६१ च्या कायद्याने तो गोंधळ निस्तरला, हे मोठे काम झाले. मी दाखवतो आहे ती एक साधी रेषा. दारावर परीक्षा घेणारा वेगळा, दारापर्यंतची वाट शिकवणारा वेगळा.

ती रेषा आज जास्त महत्त्वाची झाली आहे, आणि माझ्या म्हणण्याचे मर्म इथेच आहे.

१९९९ मध्ये व्ही. सुधीर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सनदेआधीच्या प्रशिक्षणाचे नियम रद्द केले, कारण असा अधिकार कायद्यात नाही असे न्यायालयाला वाटले. १० फेब्रुवारी २०२३ रोजी बोनी फोई लॉ कॉलेज खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निकाल चुकीचा ठरवला आणि वकिली करू इच्छिणाऱ्या पदवीधरांची अखिल भारतीय बार परीक्षा घेण्याचा कौन्सिलचा अधिकार मान्य केला. माझे बरेच सहकारी तेव्हा खट्टू झाले. मला निकाल पटला. ज्याच्या हाती लोकांचे घरदार आणि स्वातंत्र्य सोपवायचे, त्याला दारावर अडवून दोन प्रश्न विचारायला काय हरकत आहे? पण मग हिशेब पुढे न्यावा लागतो. प्रत्येक पदवीधराला दारावर तपासण्याची सोय कौन्सिलकडे आहे आणि ती घटनापीठाने पक्की केली आहे, तर त्याच कारणासाठी देशभरातला प्रत्येक वर्ग, प्रत्येक वेळापत्रक, प्रत्येक नवी तुकडी आपल्याच मुठीत ठेवण्याची गरज उरते का?

अनुच्छेद १९(१)(छ) खालच्या व्यवसायस्वातंत्र्यावरचे निर्बंध प्रमाणात आहेत की नाहीत हे कसे तपासायचे, ते २०१६ मध्ये मॉडर्न डेंटल कॉलेज खटल्यात घटनापीठाने सांगितले आहे. हेतू योग्य हवा, उपाय त्या हेतूशी जोडलेला हवा, आणि तेच काम कमी जाचाच्या उपायाने होत असेल तर जाचाचा उपाय वापरता येत नाही. इथे कमी जाचाचा उपाय कौन्सिल स्वतःच वापरते आहे. दर वर्षी हजारो मुले ३५०० रुपये भरून ती परीक्षा देतात. अनुच्छेद १९(६) सुद्धा राज्याला पेशा आचरण्यासाठी लागणारी पात्रता ठरवू देतो. पेशा आचरण्यासाठी, हे शब्द महत्त्वाचे. कायदा शिकणारा प्रत्येक जण वकिली करत नाही. कुणी कंपनीत जातो, कुणी स्पर्धा परीक्षेला बसतो, कुणी पत्रकार होतो. आमच्या वर्गात एक निवृत्त तलाठी होते. सातबाऱ्यावरच्या नोंदींमागचा कायदा एकदा मुळापासून वाचायचा, एवढ्यासाठी ते तीन वर्षे पहिल्या बाकावर बसले. सनदेचा फॉर्म त्यांनी पाहिलाही नाही.

एलएलएमचे, म्हणजे कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीचे, प्रकरण याहून उघड आहे. सनदेसाठी एलएलएम लागत नाही. तरी कौन्सिलने जानेवारी २०२१ मध्ये पदव्युत्तर शिक्षणाचे नियम प्रसिद्ध करून एक वर्षाची एलएलएम बंद करायचे ठरवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर त्या वर्षीपुरती अंमलबजावणी थांबली. २०२५ मधल्या सुनावणीत न्यायमूर्तींनीच विचारले की शिक्षणात कौन्सिलने कशाला पडावे, ते शिक्षणातल्या लोकांवर का सोडू नये. अधिवक्ता अधिनियम हा न्यायालयांपुढे वकिली करण्यास कोण पात्र आहे या विषयावरचा कायदा आहे, हे तर १९६८ मध्ये मोहिंद्रू खटल्यातच सांगून झाले आहे. केंद्र आणि राज्यांचे विषय वाटून देणाऱ्या घटनेच्या सातव्या अनुसूचीत शिक्षणाची नोंद वेगळी आहे. एकाच्या चावीने दुसऱ्याचे कुलूप किती दिवस उघडायचे?

एक प्रसंग सांगतो. मी पूर्वी ज्या महाविद्यालयात होतो तिथे तपासणी होती. आठ दिवस आधीपासून संस्थेत रंगकाम सुरू. मूट कोर्टच्या, म्हणजे सरावाच्या न्यायालयाच्या, खोलीत एरवी जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असत. ते रातोरात जिन्याखाली गेले आणि न्यायाधीशांच्या खुर्चीवर नवा टर्किश टॉवेल आला. एका वकील मित्राच्या ऑफिसातून निवाड्यांचे जुने खंड टेम्पोत घालून आणले. ग्रंथपाल बाई आणि मी रात्री अकरापर्यंत त्यांच्यावर शिक्के मारत बसलो. शाईचा पॅड सुकला तेव्हा त्यांनी त्यावर चहाच्या पेल्यातले पाणी शिंपडले. शेवटच्या वीसेक खंडांवरचे शिक्के फिकट तपकिरी उमटले. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, सज्जन माणसे होती, त्यांनी खंड मोजले, खोल्या मोजल्या, आमचे पगारपत्रक पाहिले. तास मात्र एकही झाला नाही, कारण मुले स्वागतगीत म्हणायला हॉलमध्ये उभी होती. तिसऱ्या दिवशी टेम्पो परत आला.

ही लबाडी आमच्या संस्थेची होती, त्यात माझेही हात शाईचे झाले आणि मला त्याची लाज वाटते. पण मोजता येते तेच मोजायचे ठरले की संस्था मोजण्यापुरते उभे करतात. ज्यांनी कधी वर्षभर शिकवलेले नाही त्यांना शिक्षणाचा दर्जा फुटपट्टीनेच मोजावा लागणार. वकील म्हणून ते माझ्याहून दसपट हुशार असतील. तो वेगळा धंदा आहे.

आणखी एक अडचण आहे, जी बोलायला जरा अवघड. जो आज बाजारात बसला आहे, त्याच्याच हाती उद्या बाजारात कुणी यायचे याची चावी आहे. हेतूंबद्दल मी शंका घेत नाही. नुसता घटनाक्रम पाहा. पंचेचाळीस वर्षांवरील माणसाला सनद द्यायची नाही असा नियम होता, तो १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. मग प्रवेशासाठीच वयोमर्यादा आली. मार्च २०१७ मध्ये तिला स्थगिती मिळाली. २०१९ मध्ये तीन वर्षे नवे लॉ कॉलेज नको असे ठरले. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये ते रद्दबातल केले. ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा तीच तीन वर्षांची बंदी, या वेळी नियमाच्या रूपात. आणि नोंदणी शुल्काचे काय झाले ते आपल्याला ठाऊकच आहे. कायद्यात सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये लिहिलेले असताना राज्याराज्यांच्या कौन्सिला पंधरा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत घेत होत्या. ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते अनुच्छेद १४ आणि १९(१)(छ) च्या विरुद्ध ठरवले. तोवर किती शेतमजुरांच्या पोरांनी सनदेसाठी सावकाराचे दार ठोठावले असेल, ते त्यांनाच माहीत. माझ्या एका विद्यार्थिनीने आईच्या पाटल्या मोडल्या होत्या. निकाल आला त्या दिवशी तिचा फोन आला. ती म्हणाली, सर, पाटल्या परत मिळतील का? शुल्क परत करायचे नाही, निकाल इथून पुढे लागू, असे मला तिला सांगावे लागले.

आता दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही. कॉलेजांच्या नावाखाली दुकाने उघडली गेली आहेत. दोन खोल्या, एक प्राचार्य आणि परीक्षेपुरती येणारी मुले असलेली कॉलेजे मी पाहिली आहेत. बोगस पदवीवर सनद घेतलेले लोकही सापडले आहेत. यावर कुणी तरी अंकुश ठेवायला हवा यात वाद नाही. पण ही दुकाने याच एकाधिकाराच्या काळात उघडली, तपासण्या होत असताना उघडली. सरसकट बंदीने त्यातले एकही बंद होत नाही. उलट जुन्या दुकानाला स्पर्धा उरत नाही. हजेरीचेही तसेच. सत्तर टक्के हजेरी असावी, मान्य. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले की निव्वळ हजेरी कमी म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्याला परीक्षेला बसण्यापासून अडवता येणार नाही, आणि हे निकष पुन्हा ठरवताना विद्यार्थी व शिक्षकांशी बोला. त्या प्रकरणामागे २०१६ मधली एका तरुण विद्यार्थ्याची आत्महत्या आहे. शिक्षकांशी बोला हे सांगायला नऊ वर्षे आणि एक उच्च न्यायालय लागले.

आपण म्हणाल, पर्याय काय? डॉक्टरांच्या बाबतीत संसदेने तो शोधला. डॉक्टरांची मेडिकल कौन्सिल बाजूला करून २०१९ च्या कायद्याने राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आणला, २५ सप्टेंबर २०२० पासून तो कामाला लागला. त्यात चार स्वतंत्र मंडळे आहेत. पदवी शिक्षणाचे एक, पदव्युत्तरचे एक, संस्थांच्या मूल्यांकनाचे एक, आणि नीतिनियम व नोंदणीचे एक. त्या आयोगावरही आक्षेप आहेत, सरकारनियुक्त माणसांचा भरणा हा त्यातला मोठा. पण शिकवणे आणि नोंदणी ही दोन कामे निराळी करता येतात, हे तरी त्याने दाखवले. विधी आयोगाने २००२ च्या १८४ व्या अहवालात शिक्षकांना आणि विद्यापीठ अनुदान आयोगाला या कामात जागा द्या असे सुचवले होते. राष्ट्रीय ज्ञान आयोगाने २००७ मध्ये विधी शिक्षणासाठी वेगळी नियामक व्यवस्था मागितली. आणि २०२० च्या शिक्षण धोरणाने उच्च शिक्षणासाठी एकच नियामक सुचवताना वैद्यकीय आणि विधी शिक्षण वगळले. वैद्यकीयला निदान नवे घर मिळाले होते. आम्ही ओसरीवरच राहिलो.

मला सरकारी कौन्सिल नको आहे, हेही स्पष्ट करतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या खात्याने अधिवक्ता कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा काढला, त्यात बार कौन्सिलवर सरकारचे प्रतिनिधी बसवायचे होते आणि केंद्राला निर्देश देण्याचा अधिकार हवा होता. वकील रस्त्यावर आले, मसुदा दहा दिवसांच्या आत मागे गेला. बरे झाले. वकिलांचे स्वातंत्र्य सरकारच्या खिशात गेले तर सरकारविरुद्ध उभे कोण राहणार? पण त्या गदारोळात एक गोष्ट राहून गेली. वकिलांच्या शिस्तीचे आणि सनदेचे स्वातंत्र्य एक, आणि वर्गखोलीवरची मक्तेदारी दुसरी. पहिले वाचवायला दुसरी लागत नाही.

आपल्याकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. पहिली आजही आपल्या हातात आहे. कलम ४९अ खाली केंद्र सरकार नियम करू शकते आणि कौन्सिलचा नियम त्याच्या विरुद्ध जात असेल तर केंद्राचा नियम टिकतो. तो अधिकार अभ्यासक्रमात ढवळाढवळ करायला वापरू नका. कलम ७ मधल्या सल्लामसलतीला अर्थ येईल एवढाच नियम करा: शिक्षणाविषयीचा प्रत्येक मसुदा नव्वद दिवस आधी सर्व विद्यापीठांपुढे आणि शिक्षकांपुढे यावा, आलेल्या हरकती आणि त्यांवरची उत्तरे प्रसिद्ध व्हावीत. दुसरी गोष्ट, कलम १० ला दुरुस्ती: समितीतले बाहेरचे पाच जण कौन्सिलने निवडू नयेत, पूर्णवेळ विधी शिक्षकांनी मतदान करून पाठवावेत. तिसरी, कलम ४९ च्या परंतुकात शिक्षणाचे नियमही घाला, म्हणजे सरन्यायाधीशांच्या मंजुरीची जी अट आमच्या कोटाला आहे ती आमच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासालाही लागू होईल.

यातले काहीच जमणार नसेल, तर किमान त्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा आताच करून पाहावा. याचिकाकर्ता विचारेल, की जो दिवसभर शिकवतो त्याला शिक्षणाच्या नियमांत मत नसावे यामागचे तर्कसंगत कारण काय. त्या परिच्छेदासमोर आपले अधिकारी काय लिहितात ते मला खरोखर वाचायचे आहे. ‘हा परिच्छेद अभिलेखाचा भाग आहे, त्यावर भाष्य आवश्यक नाही’ हे वाक्य चालणार नाही. ते मी स्वतः चार वर्षे लिहिले आहे, कधी लिहितात ते मला माहीत आहे.

आपला,
एक पूर्णवेळ विधी शिक्षक
(सनद सस्पेंड)